वर्दी नाही, परवाना

तुमच्या बँक खात्याचे तपशील कोणी मागायचे? पोलिसांनी, असं उत्तर डोक्यात तयार असतं. ब्रिटनने २००२च्या 'प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट'मध्ये वेगळी वाट धरली. आर्थिक तपासनीस पोलिसच हवा असं नाही. स्थानिक कौन्सिलचा कर्मचारीही चालतो. मात्र त्याने प्रशिक्षण घेऊन मान्यता मिळवायची, तीही ठरावीक अधिकारांपुरतीच. बँकेची कागदपत्रं हवीत तर न्यायाधीशाकडे अर्ज करायचा. कामावर देखरेख राहणार, अट मोडली तर मान्यता जाणार. हे कलम ३ मध्येच लिहिलंय. आम्ही सर्व्हरचा ॲक्सेस देतो तसंच की! नाहीतर कुणीही बाबू लोकांची पासबुकं चाळायला मोकळा.

ही मान्यता देणारी 'ॲसेट्स रिकव्हरी एजन्सी' २००३मध्ये सुरू झाली. गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या पैशांतून तिने स्वतःचा खर्च भागवावा, अशी (जरा भाबडीच) अपेक्षा होती. २००७मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला: खर्च ६.५ कोटी पौंड, वसुली २.३ कोटी. पुढच्याच वर्षी एजन्सी बंद.

तिची खरी कमाई त्या हिशेबात नव्हतीच. तपासनिसांना मान्यता देण्याची पद्धत टिकली. आधी पोलीस सुधारणांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने ती सांभाळली, आता नॅशनल क्राइम एजन्सी सांभाळते.