समितीवरच्या रुग्णाची कुळकथा

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका कसारा घाटापाशी संपतो. घाट चढला की नाशिक जिल्हा. त्या नाशिकात १८७८ साली जोसेफ भोर जन्मले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, आयसीएस झाले, आणि १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या आरोग्याची पाहणी करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. १९४६ साली तिचा अहवाल आला. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना त्या अहवालातली. शहापूर तालुक्यात डोळखांबला, किन्हवलीला, शेणव्याला पिवळ्या-पांढऱ्या भिंतींचा जो सरकारी दवाखाना उभा आहे, त्याचा मूळपुरुष घाटापलीकडचा निघावा ही मला गंमतच वाटते. पण या लेखाचा विषय दवाखाना नाही. त्याच अहवालात एक शिफारस होती, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही: गावोगावी पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी. सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या कारभारात गावातल्या माणसाला जागा देणारी ही पहिली ठळक नोंद. आजच्या ‘रुग्ण सहभागा’चं कूळ शोधायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

भोरांच्या समितीतला गावकरी मात्र रुग्ण नव्हता. तो मदतनीस होता. सरकारने योजना आखायची, गावाने हात लावायचे. शोषखड्डे खणा, विहिरीभोवती स्वच्छता ठेवा, लोकांना गोळा करा. काय हवं हे विचारायला त्याला बोलावलेलं नव्हतं.

विचारायला सुरुवात झाली तीही महाराष्ट्रातच. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला गेलं आणि गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातून चाललेल्या आरोग्यकार्यांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा-आटाच्या जागतिक आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, असं लिहिलं गेलं. हक्क हा शब्द कागदावर आला. डोळखांबच्या ओपीडीच्या रांगेपर्यंत यायला त्याला आणखी तीस वर्षं लागायची होती.

आता ‘रुग्ण कल्याण समिती’. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हे नाव रंगवलेलं असतं, खाली अध्यक्ष, सचिव, सदस्य. या समितीचा जन्म उंदरांमुळे झाला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली, देशभर घबराट पसरली, आणि इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांनी मांडलेला संसार एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. होळकरांचं नाव लावणारं एवढं मोठं रुग्णालय, पण आतली अवस्था बघवत नव्हती. तिथले जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी रुग्णांना हलवून अख्खी इमारत साफ करून घेतली. साफ झालेली इमारत साफ ठेवायची कशी, पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाचं उत्तर म्हणून रोगी कल्याण समिती निघाली. नोंदणीकृत संस्था; तिने देणग्या घ्याव्यात, रुग्णांकडून थोडंफार शुल्क घ्यावं, आणि ते पैसे सरकारी तिजोरीत न घालता त्याच रुग्णालयावर खर्च करावेत. युक्ती चालली. मध्य प्रदेशाने ती राज्यभर नेली आणि एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर.

सरकारी कारभारातल्या चांगल्या कल्पनांपैकी ही एक, यात शंका नाही. अभियानाच्या सुरुवातीच्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला वर्षाला १ लाख रुपये मिळत. शिवाय देखभालीचे ५० हजार आणि अबंधित २५ हजार. गळकं छप्पर दुरुस्त करायला जिल्ह्याला पत्र लिहून वाट बघायची गरज उरली नाही. पण मुळात ही समिती इमारतीसाठी जन्मली, आणि तो गुण तिच्या रक्तात राहिला. अध्यक्षपदी लोकप्रतिनिधी, सचिवपदी वैद्यकीय अधिकारी, चर्चा बहुतेक वेळा खर्चाची. नावात रुग्ण पहिला. सदस्यांच्या यादीत मात्र, रुग्ण म्हणून, कुठेच नाही.

सुरतेत प्लेग आला त्याच वर्षी, १९९४ च्या २ डिसेंबरला, राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. मजुरीच्या मस्टरवरची नावं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्याने काम केलंच नाही त्याचं नाव आलं की लोक उभे राहून सांगत. विषय मजुरीचा होता, पण रीत अशी की कुठेही नेऊन लावावी: अधिकारी समोर, गाव समोर, आणि ज्याच्यावर बेतलं तो स्वतः उभा राहून बोलणार.

आरोग्याच्या बाबतीत ही रीत रुजायला ठाणे जिल्ह्यात जमीन आधीच नांगरलेली होती. पालघर वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी डहाणू-जव्हार ठाण्यातच. तिथे विसाव्या शतकाच्या अखेरीस कष्टकरी संघटना आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून पाड्यापाड्यांवर आरोग्य कॅलेंडर लावली. नर्सबाईने कोणत्या दिवशी यायचं ते त्यावर, आणि ती आली का, काय केलं, याची नोंद पाड्यातल्या लोकांनी ठेवायची. एवढंच. पण हजेरी घेण्याचा अधिकार पहिल्यांदा रुग्णाकडे आला, आणि माझ्या मते या कुळातला खरा फाटा इथे फुटतो. इंदूरने रुग्णाला ग्राहक केलं होतं, कॅलेंडरने त्याला मालक केलं.

पुढे २००४ मध्ये जन आरोग्य अभियान आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मिळून आरोग्यावर जनसुनवाया घेतल्या. पश्चिम विभागाची २९ जुलैला भोपाळला झाली, राष्ट्रीय १६ आणि १७ डिसेंबरला दिल्लीत. उपचार नाकारलेल्या लोकांनी आयोगासमोर आपली हकिकत सांगितली. या रेट्याचा एक परिणाम असा की ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख आली. २००७ मध्ये नऊ राज्यांत तिची सुरुवात झाली. महाराष्ट्रात पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद आणि ठाणे हे पाच जिल्हे, राज्याची सूत्रं पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे. गावाने आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं: सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, मधली असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. शाळेत मास्तर पोरांना देतो ते, इथे पोरांनी मास्तरला दिलं. मग तालुक्याला जनसुनवाई. बाहेरून औषध आणायला लावलं, पैसे मागितले, नर्सबाई आली नाही, गाडी मिळाली नाही म्हणून बाळंतिणीला झोळीतून आणलं; हे सगळं माइकवर, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या तोंडावर. ज्यांनी अशी सभा पाहिली नाही त्यांना त्यातलं धाडस कळणार नाही. पाड्यातल्या बाईला उद्या त्याच दवाखान्यात त्याच डॉक्टरपुढे उभं राहायचं असतं.

पण या प्रगतिपुस्तकाला एक मर्यादा होती, आणि ती त्याच्या गुणातूनच आली होती. ते गावाचं होतं. बाळंतपण, लसीकरण, ताप, जुलाब. गावाला जे सारखं लागतं त्याचे प्रश्न. जो आजार गावात एकालाच आहे त्याला रंग कोण देणार?

हिमोफिलिया घ्या. रक्त गोठवणारा घटक शरीरात कमी, त्यामुळे सांध्यात आतल्या आत रक्तस्राव. त्याचा नेहमीचा प्रकार साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो; आजार आईकडून येतो आणि बहुधा मुलाला होतो. डोळखांबच्या आसपासच्या गावांचा हिशेब केला तर एखादाच मुलगा निघेल. गुडघा सुजला की आधी भगत, मग शहापूर, मग ठाणे. फॅक्टर आठ हे औषध काय असतं ते घरच्यांना तिथे कळणार. त्याची आई गावच्या सभेत उभी राहिली तर काय मागणार? तिच्या मागणीला टाळी द्यायला दुसरी आई नाही. जनसुनवाईचं बळ डोक्यांच्या संख्येत आहे, आणि हिच्या बाजूला डोकं एकच.

अशा लोकांचं कूळ वेगळं. ते गावात जमू शकत नाहीत म्हणून देशात जमले. फ्रँक श्नेबेल या कॅनडातल्या हिमोफिलियाच्या रुग्णाने १९६३ मध्ये जागतिक महासंघ काढला. १९८३ साली दिल्लीत अशोक बहादूर वर्मा यांनी हिमोफिलिया फेडरेशन स्थापन केलं. तेही स्वतः रुग्ण. त्याच वर्षी अमेरिकेत, रुग्णांच्या घरच्यांनी लावून धरल्यामुळे, दुर्मीळ आजारांवरच्या औषधांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी डेन्व्हरला एड्सच्या रुग्णांनी लिहून ठेवलं की आमच्याविषयी निर्णय होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आम्हाला जागा हवी. तिन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. पण भोरांच्या गावकऱ्याहून आणि इंदूरच्या समितीहून हा माणूस निराळा: हा मदतनीस नाही, देणगीदार नाही, आणि आपल्या आजाराबद्दल पुष्कळदा समोरच्या डॉक्टरहून जास्त जाणतो.

भारतात या माणसाला जागा मिळाली ती बहुतेक कोर्टातून. १७ एप्रिल २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने एका रिक्षावाल्याच्या मुलाला, त्याला गॉशे नावाचा दुर्मीळ आजार होता, मोफत उपचार द्यायचा आदेश दिला. तिथून धोरणाची चक्रं फिरली. २०१७ चं धोरण निघालं आणि थंड्या बस्त्यात गेलं. मार्च २०२१ मध्ये नवं राष्ट्रीय धोरण आलं, आणि उत्कृष्टता केंद्रांच्या पहिल्या यादीत परळचं केईएम होतं. पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपये झाली. महागड्या, जन्मभराच्या उपचारांसाठी मात्र सरकारने लोकांकडून वर्गणी गोळा करायचं संकेतस्थळ उघडलं, ज्याला मी तरी धोरण म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं. आईबापांनी पुन्हा दावेच लढवले होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार आले. प्रमाणपत्र मिळू लागलं. सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांच्या यादीत मात्र हे तिन्ही नाहीत. मुलाचे सांधे दिव्यांग, पण नोकरीच्या रकान्यात तो धडधाकट.

सिकलसेलमध्ये ही दोन्ही कुळं एकत्र येतात, म्हणून डोळखांबच्या बाजूने बघायचं तर तो आजार सगळ्यात बोलका. अमेरिकेत तो दुर्मीळ आजारांत मोडतो. इथे ठाणे-पालघरपासून नंदुरबार, गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात तो माहितीचा, तरीही शहरातल्या डॉक्टरला चटकन न आठवणारा. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या आदिवासींमधली. जुलै २०२३ मध्ये शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झालं: सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन. आशाताई दारी येते, बोटाला टोचून रक्त घेतलं जातं. मोजदाद तपासण्यांची होते. पण या आजारातले खरे निर्णय दवाखान्यात होतच नाहीत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता, हे समजून लग्न करायचं की मोडायचं, पोटातल्या बाळाची तपासणी करायची का, वाहक मुलीचं तपासणीचं कार्ड सोयऱ्यांना दाखवायचं का. हे घरात, बैठकीत ठरतं. वाहक आजारी नसतो, हे एक वाक्य नीट सांगितलं गेलं नाही तर ठरलेली सोयरीक मोडते. रुग्णाचा सहभाग म्हणून जे काही म्हणायचं ते इथे, या वाक्याशी अडतं, आणि ते सांगायला घरात आजार पाहिलेल्या बाईइतकं चांगलं माणूस दुसरं नाही. तिला समितीवर घ्यावं असं कोणत्याही नियमात नाही. घेऊ नये असंही नाही.

हिमोफिलियाच्या मुलाचं तसं जमणार नाही. डोळखांबच्या समितीवर त्याच्या आईला बसवून उपयोग थोडा, कारण तिचे निर्णय तिथे होत नाहीत. ती आसनगावहून लोकल पकडून ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या हिमोफिलिया डे-केअर केंद्रात जाते. एसटीत अशा रुग्णांना मोफत प्रवास आहे, लोकलचा प्रश्न वेगळा. मुरबाडची, वाड्याची, भिवंडीची आई तिला तिथेच भेटते, औषधाची वाट बघत बाकावर. फॅक्टर किती आलं, कधी संपतं, कुणाला परत पाठवलं, हे त्या बाकावर सगळ्यांना तोंडपाठ असतं. जिल्हा रुग्णालयालाही रुग्ण कल्याण समिती असते, बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. औषधसाठ्याचा विषय निघेल त्या बैठकीला बाकावरच्या दोघींना बोलवायचं, एवढा ठराव करायला नवा कायदा लागत नाही. जिल्ह्यातल्या एका सहीचं काम आहे.