मोज्यांची मोजदाद

गेली वीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. स्वतःचे पैसे मोजायची वेळ फारशी येत नाही आणि स्वतःचे मोजे मोजायची तर कधीच आली नव्हती. कारण ते मोजकेच. एक जोड पायात, एक दोरीवर आणि तिसऱ्यातला एक कायमचा बेपत्ता.

गेल्या श्रावणात मॅनेजरसाहेबांकडे सत्यनारायणाला गेलो. दाराशी बूट काढले आणि अख्ख्या शाखेच्या देखत माझ्या उजव्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर येऊन तीर्थप्रसादाची वाट पाहू लागला. लोकांचे अंगठे घेणं हे आमचं रोजचंच काम. पण हा अंगठा कुठल्याच फॉर्मवर घेण्यासारखा नव्हता.

सगळे अंगठ्याकडे पाहत होते, त्यामुळे टाचेकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी पाहिलं, तर टाचेत टाचणी! बहुधा सकाळीच टेबलावरून बुटात पडली असावी. दिवसभर ती रुतून होती आणि मला पत्ता नव्हता. काळ्या नायलॉनच्या मोज्यावर रक्तही दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी साखर तपासली आणि तोंड कडू केलं. मधुमेहानं पायांची जाणीव कमी झाली होती. मग त्यांनी विचारलं, "मोजे कुठले वापरता?" मला वाटलं, हा प्रश्न दुकानदारानं विचारायचा. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. खातं बघायचं तर सुरुवातीच्या शिलकेपासून. तेव्हा मोज्यांचं खातं अगदी पहिल्या पानापासून उघडलं.

'मोजा' हा शब्द आपल्याकडे आला फारसीतून. तिथं 'मोजा' म्हणजे बूटसुद्धा. इजिप्तमध्ये सापडलेले चौथ्या-पाचव्या शतकातले लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांना अंगठ्यासाठी वेगळा कप्पा आहे, वर चप्पल घालता यावी म्हणून. म्हणजे माझ्या अंगठ्यानं भोक पाडून मिळवलेलं स्वातंत्र्य त्यांच्या अंगठ्याला जन्मतःच होतं.

त्याहून जुनी नोंद इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा इथल्या रोमन ठाण्यातली. सन १००च्या आसपास लाकडाच्या पातळ पट्टीवर लिहिलेलं एक पत्र १९७३ साली तिथं सापडलं. मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्या आहेत, असा त्यात मजकूर. पाठवणाऱ्याचं नाव टिकलेलं नाही. पण परमुलखात थंडीत असलेल्या माणसाला मोजे पाठवायचं सुचलं, त्या अर्थी ती आई असावी, असं माझं मत.

पुढं १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र काढलं. राणी एलिझाबेथनं त्याला पेटंट दिलं नाही. हातानं विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, असं ती म्हणाली म्हणतात. बँकेत संगणक आले तेव्हा युनियनचंही साधारण हेच म्हणणं होतं, असं आमचे जुने सहकारी सांगतात. ली बिचारा फ्रान्सला गेला आणि तिथंच गरिबीत वारला. यंत्र मात्र नंतर त्याच्या भावानं इंग्लंडात परत आणलं आणि त्याच्यावर मोठा धंदा उभा राहिला.

पण मोज्याची खरी किंमत कळली ती पहिल्या महायुद्धात. १९१४च्या हिवाळ्यात सैनिक दिवसच्या दिवस पाण्यानं भरलेल्या खंदकांत उभे. ओल्या मोज्यांत, घट्ट बुटांत पायाचं रक्त थिजायचं, पाय बधिर व्हायचे, मग सडायचे. बोटं, कधी पाऊलच कापावं लागे. युद्ध संपेपर्यंत सुमारे ७५ हजार ब्रिटिश सैनिक असल्या पायांनी आणि हिमदंशानं इस्पितळात गेले. शेवटी हुकूम निघाले: रोज पाय कोरडे करा, देवमाशाचं तेल चोळा, कोरडे मोजे घाला. सैनिकांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचे पाय सांभाळायचे, असं ठरलं.

एवढं शिकून माणूस शहाणा व्हावा, तर १९३५ साली अमेरिकेत नायलॉन निघालं आणि १९४०मध्ये त्याचे मोजे बाजारात आले. फाटत नाही, झटकन वाळतं. पण घाम मात्र शोषत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लोकलमधून ऑफिसला जाणारा माणूस आपापला खंदक बुटातच घेऊन फिरतो.

हा इतिहास ऐकून डॉक्टर म्हणाले, "छान. आता वर्तमान ऐका." पांढरे किंवा फिके मोजे, म्हणजे रक्त दिसेल. सुती किंवा लोकर मिसळलेले. आतली शिवण टोचणारी नको, इलॅस्टिकचा वळ उठायला नको. रोज धुतलेला, पुरता वाळलेला जोड. आणि बूट घालण्यापूर्वी झटकायचे, आत हात घालून पाहायचं.

आता माझ्याकडे सात जोड आहेत, मोजून घेतले. रोज रात्री सौभाग्यवती चष्मा लावून, टॉर्च घेऊन माझे तळवे तपासतात. लग्नात नवऱ्याचे पाय सासरेबुवांनी धुतले होते, त्यानंतर हा मान आत्ताच! मला संकोच वाटतो. पण गप्प बसतो. खंदकातला नियमच आहे, आपला पाय आपल्याला कळेनासा झाला की तो जोडीदारानं बघायचा.