फुलीचा टाका

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत भाचीने मला एक किट भेट दिले. पाकिटात पांढऱ्या मॅटीचा चौकोन, रंगवार गुंडाळलेले दोरे, बोथट टोकाची सुई आणि बारीक चौकटींचा एक छापील कागद. कागदावरच्या प्रत्येक घरात एक खूण; खुणेचा रंग बघायचा, दोरा ओवायचा आणि मॅटीच्या तेवढ्याच घरात फुली घालायची. विचार करण्याचे काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेले. मला ते आवडले, हे आधी कबूल करते. तीस वर्षे इतिहास शिकवताना पोरींच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या. आता रंगीबेरंगी फुल्या मारीत बसले तर बिघडले कुठे?

चित्र होते धुराड्याच्या घराचे. पुरे झाल्यावर मोठ्या कौतुकाने ते धारवाडला आत्याला दाखवायला नेले. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढची. तिने चित्र हातात घेतले आणि पहिल्याप्रथम उलटे केले.

"हे काय गं पाठीमागनं? कोंबड्यांनी उकिरडा उकरल्यागत केलीयस की!"

पाठीमागे गाठी होत्या, एका रंगावरून दुसऱ्या रंगाकडे उड्या मारणारे दोरे होते. समोरून दिसत नाही ना, मग झाले, अशी माझी समजूत. आत्याचे म्हणणे, समोरून कुणीही नीट करील. त्या दिवशी मी जरा चिडूनच बेळगावला परतले आणि जुन्या सवयीने या टाक्याच्या इतिहासात शिरले.

उभ्याआडव्या धाग्यांचे कापड जिथे मोजता येते तिथे फुलीचा टाका आपसूक सुचतो, त्यामुळे तो बऱ्याच देशांत सापडतो. इंग्लंडमध्ये मुली एका कापडावर नाना टाके आणि नमुने उतरवून ठेवीत. हे कापड म्हणजे वहीच. सालाची नोंद असलेली तिथली सर्वांत जुनी अशी वही १५९८ सालची आहे. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने ती भरली आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती आजही आहे. १५९६ साली जन्मलेल्या एका मुलीची नोंद तीत टाक्यांनी केलेली आहे. छापील पुस्तके महाग, तेव्हा नमुना हातातून हातात जायचा आणि जाताना थोडा बदलायचा.

ही चाल मोडली बर्लिनमध्ये. १८०४ च्या सुमारास तिथल्या फिलिपसन नावाच्या चित्रविक्रेत्याने चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने छापून विकायला काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. १८१० नंतर विटिश यांच्या दुकानाने हा धंदा वाढवला, आणि १८४० पर्यंत चौदा हजारांवर नमुने निघाल्याचे त्या काळच्या एका इंग्रज लेखिकेने लिहून ठेवले आहे. कागदावरचे रंग मात्र हातानेच भरलेले, कारण रंगीत छपाई अजून परवडत नव्हती. म्हणजे या घरबसल्या करमणुकीमागे चौकटी रंगवणाऱ्या मजुरांची आणखी एक फळी होती. त्यांची नावे कुठल्याच चौकटीत नाहीत. सॅक्सनीच्या मेंढ्यांची लोकर, कॅनव्हास आणि कागद: माझ्या किटचा पणजोबा हाच. पुढे १८५६ साली विल्यम पर्किनला प्रयोगशाळेत जांभळा रंग सापडला आणि डोळे दिपवणाऱ्या कृत्रिम रंगांची लोकर बाजारात आली. या भडकपणाला कंटाळलेल्या मंडळींनी १८७२ साली लंडनमध्ये कलात्मक भरतकामाची वेगळी शाळाच काढली. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींवर काचेमागे लोकरीचे राघू आणि हरणे असत, त्यांचे नाते मला या बर्लिनशी जोडावेसे वाटते.

लोकरीनंतर सुताचा दोरा आला. त्यातले गाजलेले नाव डी. एम. सी., म्हणजे म्युलूझ गावची १७४६ मधली पेढी. या गावाची कथा सीमाभागातल्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. पेढी निघाली तेव्हा ते स्विस मंडळींशी जोडलेले स्वतंत्र गणराज्य होते. १७९८ साली फ्रान्समध्ये गेले, १८७१ साली जर्मनीत, १९१८ साली परत फ्रान्समध्ये. १८८६ साली तेरेझ द दिलमाँ या बाईंचा भरतकामाचा कोश याच पेढीच्या आश्रयाने निघाला, तेव्हा गाव जर्मनीत होते. दोरा मात्र सगळीकडे विकला जात होता.

आता धारवाड. कसूती हा शब्द कन्नड: कै म्हणजे हात आणि सूती म्हणजे सूत. टाके चार. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. यातली मेंथी म्हणजेच आपला फुलीचा टाका; मेथीच्या दाण्यावरून नाव पडले. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसली पाहिजे. जाताना एक घर सोडून टाके घालायचे, येताना सोडलेली घरे भरायची, गाठ मारायची नाही. कापडावर आधी काही काढायचे नाही, छापायचे नाही. इरकली लुगड्याचे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि गोपूर, रथ, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन उठवायचे. काळ्या चंद्रकळेवर हे काम करायचे म्हणजे डोळ्यांची परीक्षा. २००५-०६ साली कसूतीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, ते बरेच झाले. पण आत्याला त्याचे काही वाटले नाही. "सर्टिफिकेटाच्या पाठीमागं काय हाय?" एवढेच तिने विचारले.

आत्या कसूती शिकली ती लग्नानंतर. शेजारच्या घरातल्या अव्वांना मराठी येत नव्हते, आत्याला कन्नड येत नव्हते. अव्वा सुईच्या टोकाने धागे दाखवून म्हणायच्या, ओंदु, एरडु, मूरु. पुढे आत्याला कन्नड चांगले यायला लागले, तरी घरात ती शेवटपर्यंत मराठीच बोलली. मात्र सुई हातात असली की मोजणी कन्नडमध्ये. देवाच्या वाती मोजताना एक, दोन, तीन. धागे मोजताना ओंदु, एरडु, मूरु. हे मी तिला एकदा दाखवून दिले, तर तिला ते ठाऊकच नव्हते.

२०२२ च्या पावसाळ्यात आत्या गेली. तिच्या ट्रंकेत चंद्रकळेच्या घडीत गुंडाळलेला मॅटीचा एक तुकडा निघाला. शाळेत शिवणाच्या तासाला भरायला घेतलेला. वरच्या ओळींत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरे, मधे दोन मोर, खाली तिचे माहेरचे नाव आणि त्याखाली 'बेळगांव १९५'. शेवटचा आकडा नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात तिला शाळेतून काढून लग्न करून दिले, ते काम तिथेच राहिले. त्याच वर्षी ऐन दिवाळीच्या दिवसांत, १ नोव्हेंबरला, बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ती सासरी आणि आम्ही माहेरी, एकाच वर्षात सगळ्यांचा पत्ता बदलला.

मी तो तुकडा उलटा करून पाहिला. पाठीमागे गाठी होत्या, उड्या मारणारे दोरे होते; माझ्या चित्रासारखेच. शेवटच्या पाचापाशी लाल दोरा तसाच लोंबत होता, वीतभर, सुईतून काढून घेतलेला.

भाची म्हणाली, सहाचा आकडा तू भर. चौकटीच्या कागदावर मी तो काढूनही ठेवला. सतरा फुल्यांत बसतो. लाल दोऱ्याची जुनी छटा नव्या लड्यांत कुठे मिळत नाही, आणि लोंबणारा तो वीतभर दोरा सतरा फुल्यांना पुरेल की नाही याचा हिशेब मी अजून करते आहे. मोजताना ओठांवर ओंदु, एरडु येते.