जिरेटोप : नावात लोखंड, डोक्यावर कापड

मंडळी, फेब्रुवारी आला की आमच्या बजाजनगरात फेटे आणि जिरेटोप दिसायला लागतात. शिवजयंतीची मिरवणूक, शाळेतलं फॅन्सी ड्रेस, कंपनीच्या अॅन्युअल डेचं नाटक... 'योद्धा' उभा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न डोक्याचाच! यंदा आमच्या ग्रुपच्या नाटकात एक काल्पनिक राज्य आहे, आणि शिरस्त्राणांचं खातं माझ्याकडे. म्हणून वीकेंडला थोडं वाचन केलं.

सुरुवात शब्दापासून. 'जिरेटोप'मधल्या जिऱ्याचा स्वयंपाकघराशी काही संबंध नाही :) फारसीत 'झिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत. म्हणजे हे मुळात लढाईतल्या टोपाचं नाव! आज दुकानात या नावाने जे मिळतं त्यात असतं कापड, अस्तर आणि मोत्यांच्या माळा. नावात लोखंड राहिलं, वस्तूतून गेलं.

मग कापड खोटं का? तसंही नाही. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत डोक्यावर तुरा लावलेलं, पगडीच्या वळणाचं कापडच दिसतं. पण 10 नोव्हेंबर 1659 ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना, त्या कापडाखाली पोलादी टोप होता, असं जदुनाथ सरकारांनी लिहिलंय. वार आला तेव्हा पागोटं फाटलं, टोपाला खोच पडली, डोकं वाचलं. वर दरबार, आत लढाई!

दख्खनच्या उन्हात यात सोयही आहे. उघडं पोलाद तापतं, त्यावर कापड असलं की तेवढं तापत नाही. त्या काळच्या इराणी-हिंदुस्थानी घडणीच्या टोपात सहसा चार गोष्टी असतात: पोलादाची वाटी, मान आणि कान झाकणारी कड्यांची झालर, नाकापुढे वर-खाली सरकणारी पट्टी आणि तुऱ्यासाठी नळ्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. खरेदीआधी एकदा बघून या.

आता कामाचं. नाटकासाठी टोप घेताना मी ठरवलेले नियम:

1. आधी डोक्याचा घेर मोजा, मग त्यात अस्तराची जाडी धरा. आत सुती कापडाची चुंबळ किंवा फोम हवाच. नुसता पत्रा कपाळाला लागतो.
2. वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये 18 गेजचा पत्रा ठोकून वाटी मिळेल, पण तासभर नाचायचं असेल तर फायबर बरं. कडा घासून, दुमडून घ्या.
3. वरचं टोक बोथट ठेवा. नाकपट्टीला स्क्रू हवा, नाहीतर ऐन संवादात खाली येते!
4. झालरीसाठी प्लास्टिक पाइपच्या चकत्या कापून एकमेकींत गुंफा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चिलखतांतही प्लास्टिकची कडी हातानेच गुंफली होती.
5. वरून मंदील बांधला की टोप एकदम आपल्या मातीतला वाटतो.

पण हे सगळं स्टेजपुरतं. मला खटकतं ते वेगळंच. 1985 पासून इथे बजाजचा कारखाना आहे. दुचाकी आम्हाला कुणी शिकवायला नको. तरी मिरवणुकीच्या दिवशी हेल्मेट घरी आणि बाइकवर जिरेटोप! 1935 मध्ये लॉरेन्स ऑफ अरेबिया मोटरसायकल अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. पुढे 1941 मध्ये त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर निबंध लिहिला, आणि हेल्मेटचा आग्रह शास्त्राच्या पायावर उभा राहिला. तलवारीला अडवायला कठीण पोलाद लागतं. डांबरावर आपटताना मात्र आतला थर्माकोलसारखा थर चेपून धक्का शोषून घेतो. बाजारातल्या जिरेटोपात यातलं एकही नाही. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमातही पगडीची सूट शीख स्वारांना आहे, जिरेटोपाला नाही.

पोरांना सांगितलं तर म्हणतात, "दादा, आजच्या दिवशी तरी राहू दे ना!" माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्यांची जयंती आहे त्यांनीसुद्धा मंदिलाखाली पोलाद घातलं होतं. रॅलीत हेल्मेट घाला, त्याला हवा तर भगवा स्टिकर लावा, आणि गाडी स्टँडवर लावली की खुशाल जिरेटोप चढवा. फोटो तेव्हाच चांगला येतो :)

असो. नाटकाची तालीम वाट बघतेय, आणि झालरीची बरीच कडी अजून गुंफायची आहेत!