मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणजे काय?

स्क्रीनवर बोट फिरतं कारण मेंदूचा मेसेज मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोचतो. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन मेसेज पलीकडे नेतं. या आजारात आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडीज ते रसायन घेणारे रिसेप्टर बंद पाडतात. मेसेज निघतो, पण पुरता पोचत नाही.

माझ्या मावशीला हेच झालं. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी पापणी खाली, एकाचे दोन दिसायचे, भाकरी चावताना जबडा थकायचा. दवाखान्यात जायची ती सकाळी, तेव्हा सगळं नॉर्मल! "टेन्शन घेऊ नका" ऐकून परत. शेवटी मी तिचे सकाळचे आणि रात्रीचे फोटो शेजारी-शेजारी लावून न्यूरोलॉजिस्टना दाखवले. त्यांनी तिला एकटक वर बघायला लावलं, आणि थोड्याच वेळात पापणी उतरली. मग अँटिबॉडीसाठी रक्ततपासणी, आणि थायमस ग्रंथीत गाठ नाही ना, हे बघायला छातीचा सीटी स्कॅन.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी ॲसिटिलकोलीन लवकर तुटू देत नाही. परिणाम काही तासच टिकतो, म्हणून मावशीच्या मोबाईलमध्ये चार अलार्म आहेत. काही अँटिबायोटिक्सनी हा आजार बळावतो, तेव्हा मेडिकलमधून परस्पर औषध आणायचं नाही. आणि गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर फोटो काढत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.