ओझोनचा न जुळणारा हिशेब

वातावरणाच्या वरच्या थरात ओझोन किती असावा, याचे गणित १९३० साली सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले. अतिनील किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो. सुटा अणू दुसऱ्या रेणूशी जुळून ओझोन बनतो. पुढे तो किरणांनी फुटतो, किंवा सुट्या अणूशी गाठ पडून कायमचा नाहीसा होतो. जमा आणि खर्च, दोन्ही ऑक्सिजनच्याच खात्यावर.

मांडणी देखणी होती, पण १९६० च्या दशकात या अभिक्रियांचे वेग प्रयोगशाळेत नीट मोजले गेले आणि चॅपमनच्या गणितातला ओझोन प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. खर्चाची काही कलमे लिहायचीच राहिली होती.

त्यांतले मोठे कलम १९७० मध्ये पॉल क्रुट्झेनने शोधले. (हा मूळचा पूल बांधणारा अभियंता, स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागात तो संगणकाचा प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाला होता!) मातीतल्या जीवाणूंपासून निघणारा नायट्रस ऑक्साइड वर पोहोचतो आणि त्यातून नायट्रोजनची इतर ऑक्साइडे बनतात. ती ओझोन मोडतात, पण स्वतः खर्ची पडत नाहीत. म्हणून अत्यल्प असूनही भारी पडतात. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की फ्रीज व स्प्रेमधल्या सीएफसी वायूंतून सुटणारा क्लोरीनही हेच करील.

किती नाश होईल? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अंदाज १९७९ मध्ये सुमारे १६ टक्के होता. १९८४ मध्ये तो २ ते ४ टक्क्यांवर उतरला. धोका टळला असे वाटू लागले.

आणि मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकातील हॅली बे येथील नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑक्टोबरमधला ओझोन सुमारे ३०० डॉबसन एककांवरून २०० च्या खाली घसरला होता. एकाही प्रतिमानाने हे भाकीत केलेले नव्हते.

चूक आकडेमोडीत नव्हती. प्रतिमानांत केवळ वायूंच्या आपसांतल्या अभिक्रिया होत्या. ध्रुवीय हिवाळ्यात, उणे ८० अंशांच्या आसपास, त्या उंचीवरही ढग बनतात. त्यांच्या कणांच्या पृष्ठभागावर निष्क्रिय संयुगांत अडकलेला क्लोरीन मोकळा होतो आणि वसंतातला सूर्य उगवताच ओझोनवर तुटून पडतो. हा खुलासा १९८६ मध्ये सुझन सॉलोमन व सहकाऱ्यांनी मांडला.

१९८७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिलीतून उडालेल्या विमानांनी त्याला पुरावा दिला: जिथे क्लोरीन मोनॉक्साइड चढा, तिथे ओझोन उतरलेला. ती उड्डाणे चालू असतानाच, १६ सप्टेंबरला, माँट्रियल करारावर सह्या झाल्या. त्यात सीएफसीचे उत्पादन निम्म्यावर आणायचे एवढेच ठरले होते. ते पूर्ण थांबवण्याचा निर्णय १९९० मध्ये लंडनला झाला.