एका रिकाम्या पुंगळीची गोष्ट

तर झालं असं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलीचं फायरिंग होतं. प्रत्येकी पाच गोळ्या. फायरिंग झाल्यावर हवालदारसाहेब रिकामे खोके मोजायला बसले, तर एक कमी! "खोका मिलेगा, तभी खाना मिलेगा." अख्खी प्लाटून तासभर उन्हात गवत चाळत होती. शेवटी तो खोका सापडला एका मित्राच्या बुटाच्या घडीत. तेव्हा मनात फक्त शिव्या होत्या. एवढ्याशा रिकाम्या पितळेचं काय एवढं? उत्तर मिळायला बरीच वर्षं लागली. गेल्या काही वीकेंडना यावर वाचत होतो, तेच आज लिहितोय.

सुरुवात कागदापासून. १८५७ मधलं एनफिल्डचं काडतूस आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ते कागदाचं होतं, दातांनी फाडायचं आणि दारू नळीत ओतायची. एकदा फाडलं की संपलं. पुढच्या दहा वर्षांत चित्र बदललं. १८६६ मध्ये ब्रिटिशांनी स्नायडर रायफल घेतली आणि तिच्यासाठी वूलिचच्या एडवर्ड बॉक्सरने पितळी पत्र्याचं काडतूस बनवलं. त्याच वर्षी अमेरिकेत हिरम बर्डनने आपल्या प्रायमरचं पेटंट घेतलं. प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी छोटी टोपी.

पितळच का? स्फोटाच्या दाबाने पुंगळी फुगते आणि मागची फट घट्ट बंद करते. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. आणि मुख्य म्हणजे बाहेर निघालेली पुंगळी जवळजवळ शाबूत असते! जळते ती दारू, जाते ते शिसं, निकामी होतो तो प्रायमर. पितळ उरतं. मग ते परत का भरू नये?

इथे एक गंमत आहे. बर्डनच्या पद्धतीत प्रायमर ज्यावर आपटतो ती ऐरण पुंगळीतच असते आणि तिच्या बाजूंना दोन बारीक भोकं. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच, आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. म्हणजे आतून साधी सळई घालून ठोकली की जुना प्रायमर बाहेर. झालं असं की अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपातल्या बऱ्याच सैन्यांनी उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेने. एका भोकाच्या जागेवरून घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, असं म्हटलं तरी चालेल. डिझाइनमधला छोटासा निर्णय पुढे कुठे जाऊन पोचतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पण या काटकसरीला काळी बाजूही आहे. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांत चामड्यासाठी बायसनची कत्तल चालू होती. शिकारी गावापासून आठवडेच्या आठवडे लांब. तयार काडतुसं महाग. मग ते दारूची पिंपं आणि शिशाच्या लाद्या गाडीत घालून न्यायचे आणि रात्री शेकोटीपाशी दिवसभराच्या पुंगळ्या धुऊन, नवे प्रायमर बसवून परत भरायचे. धुणं आवश्यक, कारण काळ्या दारूची राख ओल धरते आणि पितळ खाते. सकाळी पुन्हा शिकार. कोट्यवधी बायसनांतले १८८० च्या दशकाअखेर जेमतेम हजारभर उरले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचा आधारच गेला. पुनर्वापर म्हटलं की आपल्याला आपोआप काहीतरी चांगलं वाटतं. ते कशासाठी चाललंय हेही विचारायला हवं.

आता आपल्याकडची गोष्ट. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची. पावसाळा संपल्यावर बघावं तर पुंगळ्यांना चिरा! कोणी हात लावलेला नाही, तरी चिरा. कोडं सुटलं १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून घडवताना त्यात कोंडलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. उपाय साधा, पुंगळी योग्य तेवढी तापवून ताण मोकळा करायचा. आजही पुंगळ्या पुन्हा भरणारे अनेक जण तिचं तोंड अधूनमधून तापवतात, कारण प्रत्येक वेळी फुगून, दाबली जाऊन पितळ कडक होतं आणि शेवटी फाटतं. मटेरियल सायन्सच्या पेपरला हे कोणी सांगितलं असतं तर माझे चार मार्क वाढले असते!

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद आपल्यासाठी वाचण्यापुरताच. असो.

पण मूळ प्रश्न राहिलाच. तो बुटातला खोका. गंमत म्हणजे पॉइंट टू-टूची पुंगळी परत भरण्यासारखी नसतेच! तिला वेगळा प्रायमर नसतो, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि चाप ओढला की ती कड चेपते. म्हणजे आम्ही तासभर शोधलं ते निव्वळ हिशेबासाठी. एक खोका कमी म्हणजे कदाचित एक जिवंत गोळी कोणाच्या तरी खिशात. हवालदारसाहेबांचं बरोबरच होतं, हे आता कळतंय.

आणि तरीही तो खोका अगदीच टाकाऊ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत माल मिळेनासा झाला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेड हंटिंग्टनने याच वापरलेल्या पॉइंट टू-टू पुंगळ्यांपासून गोळ्यांची वरची आवरणं घडवायची हत्यारं बनवली. १९४३ मध्ये सुरू झालेला तो उद्योग पुढे आरसीबीएस या नावाने प्रसिद्ध झाला. आमच्या खोक्याचं पुढे काय झालं, देव जाणे. जेवण मात्र त्या दिवशी थंडच मिळालं.